पायडलचा दांडा किती लांब हवा? १७५ आणि १६५ मधला एक सेंटिमीटर

पन्हाळ्यावरून म्हाळुंगे करत मसाई पठारावर गेलं की गवतात मधे मधे जांभा उघडा पडलेला दिसतो. पावसाच्या पाण्यानं त्यात खाचा पाडलेल्या असतात, टायर बरोबर बसेल एवढ्या रुंद, आणि काठ असे की बुटाचा तळवा सोलून निघावा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी अशाच एका खाचेत माझं पुढचं चाक छान उतरलं, पलीकडं चढायचं म्हणून मी जोर लावला आणि डावं पेडल काठावर खाडकन आपटलं. सायकल तिथंच राहिली, मी हँडलवरून पुढं. कोपर सोललं, मोबाइलची काच गेली.

मागून येणारा मित्र उतरला, माझी सायकल बाजूला घेतली आणि म्हणाला, "भावा, पायडल कवा मारायचं आणि कवा थांबायचं, एवढं तरी बघत जा की."

बघत होतोच. तरी त्या दिवशी आणखी तीनदा पेडल आपटलं. घरी येऊन सायकल धुताना क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडल बसतं तिथं जवळच, चिखलाखालून एक आकडा वर आला: १७५. माझी उंची पाच फूट पाच इंच. सायकल घेताना फ्रेमचा साइज विचारला होता, ब्रेक हायड्रॉलिक आहेत का ते विचारलं होतं, मागच्या गिअरचे दाते मोजले होते. हा आकडा दुकानदारानं दाखवला नाही, आणि असं काही विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

तर आधी हा आकडा म्हणजे काय ते बघू. पेडलला मधल्या अॅक्सलशी जोडणारा दांडा म्हणजे क्रँक. तिची लांबी मोजायची ती अॅक्सलच्या मध्यापासून पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत. टेप घेऊन दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलात तर उत्तर चुकणार, कारण दोन्ही बाजूंना धातू पुढं आलेला असतो. मोजायची गरजही सहसा पडत नाही. बहुतेक क्रँकवर आकडा कोरलेला असतो, जुन्या टूथब्रशनं घासलं की दिसतो. माउंटन बाइकवर वर्षानुवर्षं १७० आणि १७५ मिलिमीटर हीच मापं दिसायची. शिमानो कंपनीच्या डिओरे, एसएलएक्स, एक्सटी या क्रँक १६५ मध्येही मिळतात. अलीकडं १६० आणि १५५ सुद्धा बाजारात आल्या आहेत.

१७५ आणि १६५ मधला फरक एक सेंटिमीटर. करंगळीच्या नखाएवढा. एवढ्यानं काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण पाऊल वर्तुळात फिरतं, त्यामुळं हा एक सेंटिमीटर खाली एकदा मोजला जातो आणि वर पुन्हा एकदा. वर्तुळाची उंची ३५० वरून ३३० मिलिमीटर होते.

आता मूळ वाद. आमच्या ग्रुपमध्ये क्रँकचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "दांडा लांब तेवढा जोर जास्त, साधं गणित हाय." गणित साधं आहे आणि बरोबरही आहे. फक्त ते अर्ध्यावर सोडलेलं आहे.

जुन्या गुऱ्हाळावरचा बैलाचा चरक आठवा. मधे उभ्या लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, त्यांच्यावर आडवं लांब लाकूड आणि लाकडाच्या टोकाला बैल. लाकूड जेवढं लांब तेवढं बैलाला ओढायला हलकं. पण मग बैलाचा फेराही तेवढाच मोठा. रस निघायला लाट एकदा फिरायला हवी, तर बैलाला मोठा फेरा पुरा चालावाच लागणार. लाकूड आखूड केलं तर ओढ जड, फेरा लहान. दोन्हीकडं बैलाचं काम तेवढंच होतं.

सायकलवर बैल आपण. १७५ च्या क्रँकवर पाऊल एका फेऱ्यात साधारण ११० सेंटिमीटर फिरतं, १६५ वर १०४. त्या सहा सेंटिमीटरच्या बदल्यात पेडल साधारण सहा टक्के जड लागतं. इथपर्यंत ग्रुपचं म्हणणं खरं. पण चरकाला गिअर नसतात, सायकलला असतात. पुढची चेनरिंग (क्रँकवरचं दातेरी चाक) ३२ दात्यांची काढून ३० दात्यांची बसवली की पेडल सव्वासहा टक्के हलकं होतं. म्हणजे १६५ ची क्रँक आणि ३० ची चेनरिंग मिळून चढावर तुमच्या पायाला जवळपास तेच लागतं जे १७५ आणि ३२ ला लागत होतं. गेलेला जोर दोन दात्यांत परत आला.

यात तोटा एकच. सपाट डांबरी रस्त्यावर सर्वांत वरच्या गिअरला पाय लवकर रिकामे फिरायला लागतात. मागं १० दात्यांचा सर्वांत लहान गिअर, २९ इंची चाक आणि मिनिटाला ९० फेरे धरले तर ३० च्या चेनरिंगवर वेग ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास अडतो, ३२ वर ३९-४० पर्यंत जातो. पन्हाळ्यावरून वाघबीळला उतरून केर्लीमार्गे कोल्हापूरला परतताना कुणी रोड बाइकवाला पुढं गेला तर त्याला जाऊ द्यावं लागतं. एरवीही तो गेलाच असता म्हणा.

लोक म्हणतात, पूर्वी गिअर कमी होते म्हणून लांब क्रँक लागायची. मला ते फारसं पटत नाही. जुन्या तीन चेनरिंगच्या सायकलींवर पुढं २२ आणि मागं ३४ असायचे. आजच्या ३२ आणि ५१ च्या जोडीपेक्षा तो गिअर अगदी किंचित जड. चढाला हलकं पेडल तेव्हाही मिळत होतंच. १७५ चा आकडा रूढ होऊन बसला आणि फ्रेम बदलल्या तरी तोच पुढं चालत आला, एवढंच मला दिसतं.

जोराबद्दल कुणी नीट मोजमाप केलंय का? केलंय. २००१ साली जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिरडुसो यांनी १६ सराईत सायकलस्वारांना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिलिमीटरच्या क्रँकवर बसवून पूर्ण ताकदीनं पाय मारायला लावले. १२० आणि २२० मध्ये दहा सेंटिमीटरचा फरक. तरी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताकदीत अंतर निघालं चार टक्क्यांच्या आसपास. १४५ आणि १७० या मापांवर ताकद चांगली निघाली, दोन्ही टोकांना उतरली. हा काही सेकंदांच्या झेपेचा प्रयोग होता, दोन तासांच्या चढाचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण "१७५ वरून १६५ वर आलो तर पाय लुळे पडतील" या भीतीला त्यात काही आधार सापडत नाही. २०१० मध्ये क्रॉस कंट्री माउंटन बाइक चालवणाऱ्या महिला खेळाडूंवर १७०, १७२.५ आणि १७५ अशी तुलना झाली. त्यातही ताकदीत फरक दिसला नाही. मात्र १७० वर त्या आपल्या सर्वोच्च ताकदीला लवकर पोचल्या. दगडांच्या मधून अचानक एक झटका द्यावा लागणाऱ्या आपल्यासारख्यांना हेच जास्त उपयोगी.

रोड बाइकवाल्यांचा पुरावा हवा असेल तर रेसर ताडेइ पोगाचार २०२४ मध्ये १६५ वर आला आणि त्याच वर्षी त्यानं जिरो आणि तूर द फ्रान्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. तो १६५ मुळं जिंकला असं मी म्हणत नाही. १६५ नं त्याचं काही अडलं नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता गुडघ्याकडं येऊ. माझ्या मते क्रँकच्या लांबीचा खरा मामला इथं आहे, आणि कोल्हापूरकराला तो समजावायला तालमीसारखी दुसरी जागा नाही.

पूर्ण खाली जाऊन मारलेली बैठक आणि मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत मारलेली बैठक यात गुडघ्याला काय फरक पडतो, हे ज्यानं शे-दोनशे बैठका मारल्यात त्याला सांगावं लागत नाही. शेवटचे दोन-तीन इंच महागात पडतात. पेडल सर्वांत वर असताना तुमचा गुडघा त्याच खोल बैठकीत असतो. आणि तिथूनच तुम्ही खाली जोर लावायला सुरुवात करता. मिनिटाला ८० फेरे धरले तर दोन तासांत प्रत्येक गुडघा ९,६०० बैठका मारतो. वस्तादसुद्धा एवढ्या सांगत नाहीत.

क्रँक आखूड केल्यावर ही बैठक किती उथळ होते, ते माझ्याच सायकलच्या मापांवर बघा. अॅक्सलच्या मध्यापासून सीटपर्यंत अंतर होतं ६८० मिलिमीटर. १७५ च्या क्रँकवर पेडल वर आलं की सीट आणि पेडलमधे राहायचे ६८० वजा १७५, म्हणजे ५०५. मग १६५ बसवली. पेडल आता तळाला दहा मिलिमीटर वरच थांबतं, म्हणून पाय पूर्वीइतकाच ताणला जावा यासाठी सीट दहा मिलिमीटर वर घेतली: ६९०. आता पेडल वर असताना अंतर ६९० वजा १६५, म्हणजे ५२५. दहा मिलिमीटरची क्रँक बदलली आणि वर वीस मिलिमीटर मोकळे झाले. पायाला तळाशी काहीच कळलं नाही, वर मात्र दोन सेंटिमीटर उसंत.

जागा कमरेलाही मिळते. चढावर पुढं वाकून बसलो की मांडी पोटाला लागते आणि श्वास अपुरा पडतो. रविवारची राइड मिसळीवर संपवणाऱ्या आमच्या ग्रुपात हा त्रास कुणी कबूल करत नाही, पण गुडघे बाहेर फाकवून पेडल मारणारे चौघं तरी आहेत. ती पद्धत नाही, पोटाला दिलेली वाट आहे. त्यातल्या एकानं आखूड क्रँक घातल्यावर त्याचे गुडघे आपोआप सरळ झाले.

एक मात्र स्पष्ट सांगतो. गुडघा दुखतोय म्हणून लगेच क्रँक विकत घ्यायला पळू नका. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर बऱ्याचदा सीटच खाली असते. सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या. गुडघा जवळपास सरळ झाला पाहिजे. तिथं तो वाकलेला राहत असेल तर आधी सीट वर करा, दोन आठवडे चालवा. फुकटचा उपाय आहे. तरीही दुखत असेल, सूज असेल, रात्री ठणकत असेल तर सायकलच्या दुकानात न जाता हाडाच्या डॉक्टरांकडं जा.

दुसरी जागा खालची, जिथं मी आपटलो. माझ्या हार्डटेलचा (फक्त पुढं सस्पेन्शन असलेल्या सायकलचा) अॅक्सल जमिनीपासून ३१० मिलिमीटरवर आहे. त्यातून १७५ गेले, राहिले १३५. पेडलची अर्धी जाडी दहाएक मिलिमीटर धरली तर पेडलखाली मोकळे उरले १२५. सायकल तिरकी झाली, टायरमधली हवा कमी असली, पुढचा फोर्क दबला, की त्यातलेही कमी होतात. १६५ नं यात दहा मिलिमीटरची भर पडते. आकडा किरकोळ वाटेल. पण जांभ्याचा दगड पेडलला कधी हातभर नडत नाही, नखभरच नडतो. घासून जाणारं पेडल आणि अडकणारं पेडल यात तेवढंच अंतर असतं.

पुढं-मागं दोन्हीकडं दबणाऱ्या फुल सस्पेन्शन सायकलची गोष्ट आणखी पुढची. तिचा अॅक्सल कागदावर उंच दिसतो, ३४० वगैरे. पण तुम्ही बसलात की १४० मिलिमीटरचं सस्पेन्शन वजनानंच साधारण तीस टक्के दबतं, म्हणजे चाळीसेक मिलिमीटर गेले, आणि खड्ड्यात उतरताना आणखी जातात. त्यात नव्या फ्रेम वळणावर स्थिर राहाव्यात म्हणून अॅक्सल मुद्दाम खाली ठेवून बनवलेल्या असतात. आखूड क्रँकची मागणी गेल्या काही वर्षांत वाढली त्याचं मोठं कारण हे आहे. मोटर लावलेल्या ई-माउंटन बाइकवर तर बहुतेकदा १६५ किंवा १६० असतात, कारण मोटरमुळं माणूस दगडांवरसुद्धा पेडल मारत राहतो.

उतारावर काय? दोन्ही पेडल आडवी धरून उभं राहिलं की दोन पावलांमधलं अंतर ३५० वरून ३३० होतं. काहींना लांब पवित्रा जास्त घट्ट वाटतो. मला फरक जाणवला नाही, त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही.

मग आपल्यासाठी माप कोणतं? पायाचं आतलं माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमधे सीटसारखं वर दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजायचं. कुणाला तरी टेप धरायला सांगा. एकट्यानं मोजलं की माणूस वाकतो आणि माप खोटं येतं. सायकलवाल्यांत एक जुना ठोकताळा आहे: या मापाला ०.२१६ नं गुणा. माझं माप ७६ सेंटिमीटर, म्हणजे ७६० गुणिले ०.२१६, उत्तर १६४. गंमत अशी की ८५ सेंटिमीटर मापाच्या उंच माणसाला हाच ठोकताळा १८४ ची क्रँक सांगतो. ती दुकानात मिळणं कठीण, आणि दगडांच्या वाटेवर मी ती शत्रूलाही सुचवणार नाही. ठोकताळा सडकेवर जन्मलेला आहे, त्याला मसाई पठार माहीत नाही. म्हणून त्याच्याकडून वरची मर्यादा घ्यावी, उत्तर घेऊ नये.

माझं मत विचाराल तर: उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर १६५, आणि पाच फुटांच्या आसपास असेल तर १६० किंवा १५५ शोधा. साडेपाच ते पावणेसहा फुटांपर्यंत १६५ आणि १७० दोन्ही चालतात. जोतिबाच्या डांबरी चढावरच जास्त फिरत असाल तर आहे ती १७० बदलायचा खर्च करू नका. सहा फुटांच्या वर १७० किंवा १७५. एकच गिअर असलेली सायकल चालवणारे थोडे असतात, पण त्यांच्याकडं दाते बदलून सुटका करून घ्यायची सोय राइडच्या मधे नसते, त्यांनी लांब क्रँक ठेवली तर मी समजू शकतो. आणि ज्याच्या गुडघ्याला त्रास नाही, पेडल आपटत नाही, त्यानं हा लेख वाचून काहीही बदलायची गरज नाही. १७० वर बहुतेकांचं आयुष्य सुखात जातं.

मध्ये मला एक भन्नाट सल्ला मिळाला. "नवी कशाला घेतोस? उद्यमनगरात लेथवर दे, एक सेंटिमीटर आत नवं भोक पाडून देतील." कोल्हापुरात हे सुचणार नाही तर कुठं सुचणार. आणि भरीव लोखंडी दांड्यावर हुशार कारागीर ते करूही शकेल. डाव्या पेडलला उलट्या आट्यांचा टॅप लागतो हे त्याला माहीत असलं म्हणजे झालं. पण शिमानोच्या बऱ्याच अॅल्युमिनियमच्या क्रँक आतून पोकळ असतात. तिथं भोक पाडलं तर आटे धरायला धातूच नसतो, आणि ती मोडली तर नेमकी तेव्हा मोडणार जेव्हा तुम्ही उभं राहून सगळं वजन टाकलेलं असेल. मी नाही म्हणालो.

नवी घेतानाची खरी गोची अॅक्सलची आहे. साध्या सायकलींवर चौकोनी टोकाचा अॅक्सल असतो, शिमानोच्या बऱ्याच क्रँकचा पोकळ गोल अॅक्सल २४ मिलिमीटर व्यासाचा, स्रॅम कंपनीच्या डब प्रकारचा जवळपास २९. यांची बेअरिंगं एकमेकांना चालत नाहीत. क्रँकबरोबर बेअरिंगचा संचही बदलायचा असेल तर खर्च तिथं वाढतो. म्हणून दुकानात जाताना सायकल घेऊन जा, निदान अॅक्सलच्या दोन्ही टोकांचे फोटो तरी. इथल्या दुकानांत मला १७० च्या खाली काही मिळालं नाही. मागवून घ्यावी लागली, दहा दिवस गेले.

बसवणं स्वतः करता येतं. चौकोनी अॅक्सलची क्रँक काढायला पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लागतो, आणि तो आट्यांत शेवटपर्यंत बसवल्याशिवाय फिरवायला लागलात तर क्रँकचे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. २४ मिलिमीटरवाल्या शिमानोचं सोपं आहे. डाव्या दांड्यावर दोन बोल्ट, शेजारी एक प्लॅस्टिकची टोपी. टोपी हातानं जेमतेम आवळायची, तिचं काम फक्त डुगडुग घालवणं. मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून, १२ ते १४ न्यूटन मीटर. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर दुसरा खोटा घट्ट लागतो. आणि पेडल: उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं उलटं. हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी त्या दिवशी डाव्या पेडलला पान्याला पाइप लावून मी पाच मिनिटं आवळत होतो. ते सुटायला मग मिस्त्रीमामांकडं जावं लागलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पाना उलट्या बाजूनं लावला.

सीट वर घ्यायला विसरू नका. क्रँक आखूड करून सीट तिथंच ठेवली तर पाय तळाला पुरता सरळ होत नाही, मांड्या भरून येतात, आणि माणूस म्हणतो, "बघ, ताकद गेली." जेवढी क्रँक आखूड, तेवढीच सीट वर, आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण करून ठेवा. सीट वर गेल्यामुळं हँडल खाली गेल्यासारखं वाटेल. त्याचा त्रास झाला तर स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या भागाखाली) एक रिंग वाढवा.

पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, हेही सांगायला हवं. लहान पोराच्या तीनचाकीवर बसल्यासारखे पाय भरभर फिरतात. सवयीनं मी जड गिअरला जात होतो आणि मग दमत होतो. तिसऱ्या-चौथ्या राइडला पायांनी आपली लय शोधली. पूर्वी मिनिटाला ८० फेरे असायचे, आता ८५ च्या आसपास असतात, ते मी ठरवून केलेलं नाही. पेडल अजूनही आपटतं. पूर्वी त्याच खाचांच्या वाटेवर चार-पाच वेळा आपटायचं, परवा एकदा आपटलं, तेही घासून गेलं.

माझी जुनी १७५ मित्राला दिली. तोच, पायडल कवा मारायचं ते सांगणारा. उंची सहा फूट एक इंच, त्याला ती चपखल बसली, गुडघे ठणठणीत आहेत.

आता घरची सायकल राहिलीय. बायको रंकाळ्याला दोन फेऱ्या मारते, कधी कधी कात्यायनीपर्यंत येते. उंची पाच फूट, सायकल बारक्या फ्रेमची, म्हणून मी निर्धास्त होतो. गेल्या आठवड्यात पुस्तक आणि टेप घेऊन तिचं माप काढलं: ६९ सेंटिमीटर. ठोकताळ्यानं १४९. क्रँक पुसून बघितली, तर १७०. मी तिला हा सगळा हिशेब, चरक, बैठका, वर मिळणारी जागा, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चढाला माझे गुडघे छातीला लागतात, असं मी तीन वर्षं म्हणत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला सांगत होता की पाय नीट फिरव."

१५५ ची मागवलीय. यायला दोन आठवडे लागतील म्हणे.